उष्टं वाक्य

शेजारच्या शशीच्या घरी सकाळपासून चोपणं चाललं आहे. पावसाळा सरला की आमच्याकडे घरापुढचं अंगण, म्हणजे खळं, नव्याने करावं लागतं. चार महिन्यांच्या पाण्याने उखणलेली माती खणायची, भिजवायची, लाकडी चोपण्याने ठोकून सपाट करायची आणि वरून शेणाने सारवायची. त्याशिवाय भात झोडायचं कुठे? धप् धप् असा तो आवाज वाडीतून यायला लागला की कापणी आली हे पंचांग न बघता कळतं. माझी अडचण एवढीच की मी आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलं. शशीचा दर चौथा ठोका किंचित मागे पडतो आणि मला चहा गोड लागत नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण दुसऱ्याचा ठोका सुधारण्याची खोड काही गेली नाही.

त्या ठोक्यांतच फोन वाजला. ओरोसहून, जिल्ह्याच्या कचेरीतून, सांस्कृतिक कामाचे साहेब बोलत होते. मोठे अदबीचे गृहस्थ आहेत, 'नमस्कार टीचर' म्हणतात आणि मग थोडा वेळ माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. यंदा पुन्हा कलाकारांचा वर्ग भरवायचा आहे म्हणाले. दशावतारी, भजनी, नाटकवाले, चर्चमध्ये गाणारे, सगळे एका छपराखाली आणायचे आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कलेतलं थोडंथोडं यायला हवं. आजच्या काळात एकाच गोष्टीवर बसून कलाकाराचं भागत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पाठ आहे, कारण सहा वर्षांपूर्वी ते मीच त्यांना लिहून दिलं होतं. तुमच्यासारखं सगळं येणारं दुसरं माणूस जिल्ह्यात नाही, असंही ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत कळवते, असं सांगून मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

थकायला झालं. काम करून माणूस थकतो तो थकवा झोपेने जातो. हा तसला नव्हता. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच कापणीच्या वासात, मी एक गोष्ट करून बसले आहे आणि ती निस्तरलेली नाही. त्यानंतर वर्गाचं नुसतं नाव काढलं तरी हात गळतात.

सगळं येणारं माणूस. हे काय प्रकरण आहे, तेही एकदा सांगायला हवं. माझे पप्पा चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. मला त्यांनी पाचव्या वर्षी कागदावरचे सूर वाचायला शिकवले. पुढे शाळेतल्या बाईंनी सरगम दिली, मग पेटी आली, मग नाट्यसंगीत, मग लग्नातल्या बँडबरोबर दोन वर्षं सिनेमाची गाणी. भजनी मंडळात बायका कमी पडल्या की मला बोलावणं यायचं आणि मी क्रॉस पदराखाली घेऊन अभंगाला झील धरायची. गणपतीत आरत्या, नाताळात कॅरल, एकोणीस फेब्रुवारीला पोवाडा. सगळीकडे माझं कौतुक व्हायचं. फक्त आमची आतेबाई एकदा पप्पांना म्हणाली होती की पोरीचं एक ना धड, भाराभर चिंध्या होणार. पप्पा हसले. मी मात्र तेव्हा ठरवलं की चिंध्यांची गोधडी करून दाखवीन. गोधडी झालीही, पण अंगावर घेऊन झोपावं असा तिच्यात एकही तुकडा माझा स्वतःचा निघाला नाही, हे कळायला साठी उलटावी लागली.

दुपारी वारा फिरला की खाडीकडून कापलेल्या भाताचा वास येतो. ओलसर, गोडसर, थोडा कुबट. त्यात मधेच कुणाच्या तरी परसात भात उकडायला ठेवलेलं असतं, त्याची वाफ मिसळते. हा वास आला की मला तो ओरोसचा हॉल आठवतो. उंच खिडक्या, एका पंख्याची खरखर, आणि जमिनीवर सतरंज्या घालून बसलेली पंधरा-सोळा माणसं. निम्म्यांचे हात भाताच्या पातीने कापलेले. सकाळी शेतात, दुपारी एसटीने कसालवरून वर्गाला, असा त्यांचा रिवाज होता. कुणी जांभई दिली की मी रागवायची नाही, कारण ती पहाटे चारपासून विळा चालवून आलेली असायची. आभाळ भरून आलं तर मात्र वर्ग आपोआप सुटायचा. शेतात कापून पसरलेलं भात भिजण्यापेक्षा नाटक बुडालेलं बरं, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत होतं.

त्या पंधरा-सोळांत वामन होता. मिठबावचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, काटकुळा, दुपारच्या उन्हात दिसायला अगदीच साधा. बाकीचे दिवस आंब्याच्या बागांत कामाला जायचा. पण दशावतारात तो राणी व्हायचा. आमच्याकडे दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि वामनची राणी बघायला लोक दोन दोन गावं ओलांडून यायचे. तेही रूप बघायला नव्हे, ऐकायला. राजाने राणीवर आळ घेतला की ती काय उत्तर देते, हे ऐकायला. वामनची राणी एकदा बोलायला लागली की पुढच्या रांगेतले म्हातारे मान खाली घालायचे, आळ जणू त्यांनीच घेतला होता.

आणि हे बोलणं कुठे लिहिलेलं नसायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दशावताराला वही नसते. तोंडाला रंग लावत असताना कंपनीचे मालक त्या दिवसाची गोष्ट सांगतात, तू राजा, तू राणी, तू नारद अशी पात्रं वाटतात, झालं. पुढचं सगळं बोलणं उभ्या उभ्या, समोरच्याच्या बोलण्यातून काढायचं. आज राजा जसा बोलेल तशी राणी बोलणार. उद्या राजा वेगळा बोलला तर राणीही वेगळी. वामन वयाच्या बाराव्या वर्षापासून असं बोलत आला होता. त्याने आयुष्यात एक वाक्य दोनदा म्हटलेलं नव्हतं.

आणि मी त्याच्या हातात छापलेला कागद दिला.

नाटकातला एक प्रवेश होता, एका शिक्षकाचा आणि त्याच्या भावाचा. वामनने तो एकदा वाचला आणि फार छान म्हटला. मी म्हटलं, पुन्हा म्हण, असाच्या असा. तो गप्प बसला. मला वाटलं लाजला. मग हळूच म्हणाला, "टीचर, ह्यां वाक्य आत्ताच बोलान झालां. उष्टां वाक्य परत तोंडात कसां घालू?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आणि मग मी त्याला समजावलं, ते आठवलं की आज कानशिलं गरम होतात. कॅमेऱ्यापुढे तेच वाक्य सहा वेळा म्हणावं लागतं, नाटकात तर शंभर प्रयोग तेच बोलायचं असतं, उष्टं वगैरे काही नसतं, कलाकाराने सगळ्या घरचं जेवायला शिकावं. माझ्या तोंडी नेहमीच असली तयार वाक्यं असतात. वामनने मान डोलावली. तो नम्र होता, आणि आमच्याकडे टीचर म्हणजे टीचर, तिला उलटून बोलायची पद्धत नाही. इतक्या वर्षांत मला ती पद्धत फार सोयीची पडली.

तो शिकला. भराभर शिकला. भजन म्हटलं तर भजन, कॅरलमध्ये खालचा सूर धरायला सांगितला तर तो. पथनाट्यात त्याने पोस्टमन केला आणि आम्हाला रडवलं. कॉलेजातल्या मुली त्याला वामनमामा म्हणायच्या आणि त्याच्याकडून साडी नेसायच्या युक्त्या शिकायच्या. मी त्याला सगळ्यात जपून शिकवलं ते थांबणं. दशावतारात तुम्ही एकमेकांच्या बोलण्यावर चढता, असं मी म्हणायची. समोरच्याचं वाक्य संपू दे. ते आत जाऊ दे. मनात तीन आकडे मोज, मग बोल. न बोलण्यातही बोलणं असतं. हे शेवटचं वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलं होतं की ते पोरांनी फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी वामनने तो प्रवेश सहा वेळा केला. सहाही वेळा तेच शब्द, त्याच जागी थांबणं, तोच आवाज. बघायला आलेले साहेब उठून उभे राहिले. मला भरून आलं. पप्पा असते तर त्यांना दाखवलं असतं, असं वाटलं. घरी परतताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं दिसत होती, बायका भारे बांधत होत्या, आणि मी स्वतःवर इतकी खूश होते की कंडक्टरशी विनाकारण गप्पा मारल्या.

शशीचं चोपणं आता थांबलं आहे, जेवायला बसली असतील माणसं. मी बांगड्याचं तिखलं गरम केलं आणि तसंच ठेवून दिलं. या दिवसांत दुपारी ऊन असं लागतं की डोळे मिटतात आणि चारच्या सुमारास सह्याद्रीच्या बाजूने काळं काहीतरी वर यायला लागतं. परतीचा पाऊस कापणीवाल्यांचा जीव घेतो. उभं भात भिजलं तर चालतं, कापून ठेवलेलं भिजलं की दाण्याला मोड येतो. पेरायचं नव्हतं तिथे उगवतं. त्याचा ना तांदूळ होतो ना रोप. बहुरंगी, हरहुन्नरी, चतुरस्र असे शब्द मला कुणी लावले की हल्ली मला मोड आलेलं भात आठवतं. हे बोलू नये, शिकवणाऱ्या बाईने तर नाहीच. पण खरं ते खरं.

वर्ग संपून पंधरा दिवस झाले असतील. वामनच्या कंपनीचा मोसम सुरू झाला होता. आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त संध्याकाळी प्रयोग होता, तो बघायला मला खास निरोप आला. मी मोठ्या ऐटीत गेले. पुढे खुर्ची मिळाली. कंपनीचे मालक नानू, सत्तरीचे गृहस्थ, त्यांनी नारळ देऊन स्वागत केलं. माझ्या माणसाला शिकवलंत, आता बघू काय आणलंय, असं काहीतरी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

राणी आली. वामनचं चालणं तेच, साडीचा घोळ तोच. राजाने आळ घेतला. राजाचं काम करणारा गडी तोंडाचा फाटका होता, त्याने राणीला नाही नाही ते सुनावलं आणि शेवटी म्हणाला, माझा तुझ्यावर विश्वास राहिला नाही, चालती हो. सगळी वाडी सरसावून बसली. आता राणी बोलणार.

वामन थांबला. मी शिकवलं होतं तसा. राजाचं वाक्य त्याने आत जाऊ दिलं. मला खुर्चीत बसून त्याचे आकडे ऐकू येत होते. एक. दोन.

आणि पेटी वाजायला लागली.

त्यांच्या कंपनीत गप्प राहण्याचा अर्थ एकच असतो. पात्राचं बोलणं संपलं, आता गाणं. वीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या बुवांना राणी गप्प झालेली दिसली, त्यांनी सूर दिला, मृदंग उठला, झांज उठली. राजा आळ घेऊन बाजूला सरकला. वामनने माझ्याकडे पाहिलं. पेटीकडे नाही, मालकांकडे नाही, माझ्याकडे. मग त्याला गावं लागलं, कारण पेटी सुरू झाल्यावर न गाणं म्हणजे त्यांच्यात मोठा अपराध. राणी वनवासाला निघण्याचं पद गात गात निघून गेली. जे ऐकायला माणसं आली होती ते उत्तर दिलंच गेलं नाही. मागून कुणी तरी मोठ्याने विचारलं, राणीक कायच बोलूचा नाय? आणि लोक हसले. चांगलं मोकळं हसले.

मी संगीत शिकवणारी बाई. शांततेच्या कोणत्या बाजूला गाणं उभं आहे हे मला कळायला नको होतं? सोळा जणांना मी न बोलण्यातलं बोलणं शिकवलं, पण तुमच्याकडे गप्प राहिलं की काय होतं, एवढं एका माणसाला विचारलं नाही.

एका प्रयोगाचं काय, होतं असं, असं सगळे म्हणाले. पण वामनच्या मनात ते बसलं. पुढच्या प्रयोगात तो थांबायचं नाही म्हणून भरभर बोलला आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण आधी कुठेतरी बोललो आहोत. तो अडखळला. मग त्याने घरी बसून उत्तर पाठ करायला सुरुवात केली, मी शिकवलं होतं तसं. पाठ केलेलं उत्तर राजाच्या बोलण्याला जुळेना. राजा एक म्हणायचा, राणी भलतंच. हे मला नंतर कळलं, थोडं इकडून, थोडं तिकडून. नानू मालक पात्रं वाटायला बसायचे. एके दिवशी त्यांनी वामनला म्हटलं, आज तू सखी. मग एके दिवशी ऋषी. राणी दुसऱ्या एका पोरसवदा गड्याकडे गेली आणि त्याच्याकडेच राहिली.

टीव्हीवरच्या मालिकेचं बोलावणंही आलं होतं, ते विसरायला नको. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. वामनला एक दिवस माशांची पाटी घेऊन बाजारात उभं केलं. वाक्य नव्हतं.

नानू मालक मला मालवणच्या बाजारात भेटले. मी टाळणार होते, पण समोरासमोर आलो. रागावले नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "टीचर, तुमी माझो माणूस शिकवलात. पण माझी राणी न्हेलात." एवढंच म्हणून ते मासे घ्यायला गेले. मालक दोन वर्षांपूर्वी वारले. 

वामनकडे मी कधी गेले नाही. निमित्तं पुष्कळ होती, गुडघे, घराचं छप्पर, चर्चमधल्या पोरांची तयारी. खरं कारण भीती. नाताळात त्याच्या घरून दर वर्षी कोकमाच्या सोलांची पिशवी यायची, कुणाच्या तरी हाती. मी उलट केक पाठवायची. निरोप कधीच पाठवला नाही.

आज दुपारी ते गरम केलेलं तिखलं समोर ठेवून मी बसले होते आणि एकदम वाटलं, नाही म्हणायचं असलं तरी आधी वामनकडे जाऊन म्हणावं. साहेबांना नाही म्हणणं सोपं आहे. छत्री घेतली, आचऱ्यावरून जाणारी मिठबावची एसटी मिळाली. शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीत गावठी काकड्या होत्या, सगळी गाडी त्या वासाने भरली होती.

वामनचं घर रस्त्यापासून खाली उतरून आहे. खळं नुकतंच केलेलं, सारवण अजून हिरवट दिसत होतं. एका कडेला भाताचे भारे रचलेले, मधे एक बाकडं, आणि वामन त्या बाकड्यावर पेंढी आपटून भात झोडत होता. त्याची बायको सुलू झोडलेला पेंढा गोळा करत होती. मला बघून दोघांनी हातातलं काम टाकलं. मग सुलूने खुर्ची आणली, गुळाचा खडा आणि पाणी आणलं. वामन काटकीसारखा सुकला आहे. केस पांढरे झाले आहेत. त्याने हात पुसले, वाकून नमस्कार केला आणि टीचर, सांगान धाडला असतात तर मीच येवक नसतंय काय, असं म्हणाला.

मी वर्गाचं सांगितलं. साहेबांचा फोन, संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि मी नाही म्हणणार आहे. वामन पेंढीतले चार दाणे नखाने सोलत बसला. भात यंदा बरं आलंय असं सुलू म्हणाली. मी हो म्हटलं. शेवटी मीच म्हटलं, वामना, तुझं नुकसान केलं मी. असं सरळ म्हणायला मला सहा वर्षं लागली आणि म्हटल्यावर ते फारच लहान वाटलं.

वामनने हातातली पेंढी भाऱ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तुमी शिकवलात तां वायट नाय हां टीचर. अजून माका त्या प्रवेशातली वाक्यां येतत. पण शिकवच्या आदी माझ्याकडे काय आसा, तां तुमी इचारूक नाय. माकाय सांगूक सुचला नाय."

ते त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, घराकडची वाट सांगावी तसं. माझे डोळे भरले. शाळेत मी कुणापुढे रडले नाही, इथे रडले. सुलू पेंढा टाकून माझ्याजवळ येऊन बसली.

मी विचारलं, राणी अजून आहे का रे? तो हसला. कंपनीत तो हल्ली दूत असतो, ब्राह्मण असतो, कधी राक्षस. राणीचं काय, म्हणाला, तिला एकटीने बोलता येत नाही, समोर राजा लागतो. आणि मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो उठला. खांद्यावरचा पंचा उचलून डोक्यावरून घेतला. मला म्हणाला, "टीचर, उठा. तुमी राजा. राणीक रानात धाडलात, आता परत न्हेवक इलात. बोला."

मी उठले. उठताना गुडघा कटकन वाजला. मी, जिला सगळं येतं. पोवाडा येतो, कॅरल येतं, अभंगाला झील धरता येते. समोर पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस भाताच्या तुसांनी भरलेल्या अंगाने, डोक्यावर पंचा घेऊन उभा होता आणि मला राजाचं एक वाक्य बोलायचं होतं. कागद नव्हता. मी तोंड उघडलं, मिटलं. इकडे तिकडे पाहिलं. खळं अजून ओलं आहे, पाय घसरेल असं काहीतरी पुटपुटले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तीस वर्षं पोरांना ऐकवली, ती आज मलाच लागू झाली. सुलूने हसू दाबलं.

मी गप्प राहिले. आणि वामनने सूर लावला.

गप्प राहिलं की त्यांच्याकडे गाणं येतं. पेटी नव्हती, त्याने गळ्यातूनच बुवांचा सूर दिला, सुलूने उपडं घातलेल्या घमेल्यावर ठेका धरला, आणि राणी गायली. वनवासाचं तेच पद. मला वाटलं होतं आवाज गेला असेल. आवाज जाडा झाला आहे, वरच्या जागी फाटतो, पण ती राणी होती. वाटेने भारा घेऊन चाललेली एक म्हातारी भाऱ्यासकट उभी राहिली.

पद संपलं. आता पुन्हा माझी पाळी होती. वामन वाट बघत उभा राहिला, पंच्याची कड दातात धरून. माझ्याकडे वाक्य एकच होतं. मी म्हटलं, "राणी, माझं चुकलं. मला क्षमा कर."

माझं वाक्य संपायच्या आत तिने मान वर केली होती. थांबली नाही, आकडे मोजले नाहीत. आवाज घरचा राहिला नव्हता. दशावतारातली राणी आपल्या भारदस्त मराठीत बोलते तशी ती बोलली. "महाराज, क्षमा सोपी आहे, ती मागून घेऊन तुम्ही रथात बसाल. आधी हे विचारा, की या रानात इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते."

वाटेवरच्या म्हातारीने मान खाली घातली. मीही घातली. हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि तो पुन्हा कधी बोलणार नव्हता.

तेवढ्यात खुर्चीवरच्या माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला. ओरोसहून असणार, संध्याकाळ झालीच होती. मी जागची हलले नाही. सुलूने घमेलं बाजूला ठेवलं, पिशवीतून फोन काढला, कानाला लावला आणि शांतपणे म्हणाली, "टीचर आता राजे आसत. मगे करा."

आभाळ डोंगराच्या बाजूने भरून येत होतं. भारे अजून अर्धे झोडायचे होते, त्यांच्यावर ताडपत्री घालायला हवी होती. राणी पंचा सावरून माझ्या विचारण्याची वाट बघत उभी होती.

मी विचारलं. आणि या वेळी त्याला कुठेही थांबायला सांगितलं नाही.